हळद आणि गळती

आमच्या घरांत हळदीचा डबा कशाकशाला उपयोगी पडतो, हें गृहिणींस सांगणें नलगे. बोट कापलें, घसा बसला, पाय मुरगळला, कीं प्रथम तो डबा फळीवरून खालीं येतो. परंतु हीच हळद एकदां एका मालमोटारीच्या पोटांत गेली, आणि तीहि माझ्याच सल्ल्यानें! ती कथा या महिन्यांत वाचकांपुढें ठेवितों. तींत माझ्या शहाणपणाचा भाग थोडा व चुकीचा बराच आहे. तरी तीवरून उपयोगी असें कांहीं निष्पन्न होईल, अशी आशा आहे.

माझ्या पुतण्याची एक जुनी मालमोटार आहे. चिपळुणाकडील जांभ्या दगडाचे चिरे भरून कुंभार्ली घाटानें तो कऱ्हाडास नेतो. घरांतील दोन मुलांचें शिक्षण त्या गाडीवर चाललें आहे. गेल्या फाल्गुनांत तो मला म्हणाला, "काका, रोज सकाळीं रेडिएटरांत दोन लिटर पाणी ओतावें लागतें, पण जमिनीवर थेंब दिसेल तर शपथ!"

रेडिएटर म्हणजे एंजिनाभोंवतीं फिरून तापलेलें पाणी बारीक नळ्यांतून नेऊन वाऱ्यानें निवविणारी पेटी. जुन्या गाड्यांत ती तांब्या-पितळेची असते. तींत मूठभर हळद टाकली असतां बारीकसें छिद्र बुजतें, असें मोटारवाल्यांच्या तोंडून मीं ऐकिलें होतें. तोच उपाय मीं सुचविला. डब्यांतून हळद गेली, आणि दोन दिवसांत पाणी उतरावयाचें थांबलें. माझ्या या विजयाचें वर्णन पंक्तीस बसलेल्या मंडळींस निदान तीनदां तरी ऐकावें लागलें असेल.

आठव्या दिवशीं मलाहि कऱ्हाडास जावयाचें असल्यामुळें मी त्याच गाडींत बसलों. घाटाच्या मध्यावर एंजिन भयंकर तापलें व गाडी उभी करावी लागली. बरोबरचा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा हातास फडकें गुंडाळून रेडिएटरचें टोपण उघडावयास धांवला. पुतण्यानें ओरडून त्याचा दंड धरला व त्यास मागें ओढलें. ओढलें म्हणूनच आज त्या मुलाचा चेहरा धड आहे. उघड्या पातेल्यांत पाणी सुमारें १०० अंश सेल्सिअसला उकळतें. परंतु त्या टोपणाची स्प्रिंग आंतील पाण्यावर जादा दाब ठेविते. हा जादा दाब एका वातावरणाइतका असल्यास पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाहीं. टोपण सैल होतांच दाब नाहींसा होतो, कांहीं पाण्याची तत्क्षणीं वाफ होते, आणि ती वाफ उरलेलें कढत पाणी घेऊन तोंडावर उसळते. प्रेशर कुकराची वाफ जिरल्यावांचून आपण झांकण काढीत नाहीं, नियम तोच. रेडिएटर हातास गार लागेपर्यंत आम्ही रस्त्याच्या कडेला बसून राहिलों.

कऱ्हाडास एक वयस्क मिस्त्री आहेत. त्यांनीं हत्यारास हात लावण्यापूर्वीं गाडीभोंवतीं एक फेरी घातली. रबरी नळ्या दाबून पाहिल्या, त्यांचे पट्टे तपासले, टोपणाचें रबर पाहिलें, पाण्याच्या पंपाखालच्या लहान भोंकापाशीं बोट फिरविलें. स्वस्त व सोप्या कारणांचा निकाल प्रथम लावावा, अशी त्यांची रीत! नंतर रेडिएटर पाण्यानें भरून त्याच्या तोंडावर कांटा असलेला हातपंप बसविला, आणि टोपणावर जो अंक होता तितकाच दाब दिला. कांटा हळूहळू उतरूं लागला. वरच्या टाकीच्या सांध्याखालीं एक पांढुरकी रेघ होती. तिच्या माथ्यावर थेंब डोकावला. दाब असेल तेव्हांच तेथून पाणी झिरपे, व तापलेल्या जाळीवर सुकून जाई. म्हणून जमीन कोरडी! धुरावरून अग्नीचें अनुमान करावयास मीं वर्षानुवर्षें मुलांस शिकविलें. पण ही रेघ मला दिसली नव्हती.

"कांटा उतरला आणि बाहेर थेंबच नाहीं, तर?" मीं विचारलें.

"मग गळती आंत, गुरुजी. हेड गॅस्केट गेलं असेल. ऑइल ताकासारखं पांढुरकं झालंय का, नळकांड्यांतून पांढरी वाफ येत राहते का, तें पाहायचं. तिथं हळद काय करणार?"

रेडिएटर उतरवून, तोंडें बुचांनीं बंद करून, आंत बेताची हवा भरून त्यांनीं तो हौदांत बुडविला. सायकलीची ट्यूब घमेल्यांत बुडवितात, तसाच हा प्रकार. बुडबुडे त्याच सांध्यावर आले. मग वरची टाकी उकलली. आंत पाहतों तों बंबाच्या तळाशीं बसतो तसा क्षार, आणि त्यांत माझी हळद लिंपलेली! निम्म्याहून अधिक नळ्या बुजल्या होत्या. छिद्र बुजलें तसा पाण्याचा मार्गहि बुजला. एंजिन तापलें तें यामुळें.

चपट्या सळयांनीं नळ्या मोकळ्या करून, सांधा चकचकीत होईतों घासून, जस्त विरवलेलें तेजाब लावून त्यांनीं शिसें-कथलाचा डाग दिला. कल्हईवाला भांडें आधीं घासून नवसागर टाकतो, त्यांतील हेतु हाच. मळावर धातु धरीत नाहीं. हें मिश्रण १८३ अंशांपासून मऊ होऊं लागतें. म्हणून ज्योत बेतानें दाखवावी लागते, नाहींतर एक सांधा धरतांना शेजारचा सुटतो. पेटी पुनः हौदांत बुडविली. बुडबुडा आला नाहीं. अलीकडील गाड्यांत ॲल्युमिनियमची जाळी व प्लास्टिकची टाकी असते. तिला हा उपाय चालत नाहीं.

आतां पुतण्या विहिरीचें जड पाणी न घालतां शुद्ध पाण्यांत कूलंट मिसळून घालतो. त्यांतील एथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर पण विषारी असतें. काढलेलें पाणी घमेल्यांत अंगणांत राहूं देऊं नये. मूल किंवा मांजर त्यास तोंड लावील.

हळदीस मी दोष देत नाहीं. अडचणीच्या जागीं ती गाडी घरापर्यंत आणील. परंतु लक्षण थांबलें म्हणजे रोग गेला असें मीं मानलें, आणि त्या मानण्याची किंमत एका परक्याच्या मुलानें दिली असती. वैद्य आधीं निदान करितो व मग चिकित्सा. तो क्रम मला ठाऊक नव्हता असें नाहीं, मीं पाळला मात्र नाहीं.

हल्लीं मी हळदीचा डबा मागितला, कीं सूनबाई तो हातीं देण्यापूर्वीं विचारतात, "जखम पाहिलीत का, मामंजी?"