चोर सोडून बॅटरीला फाशी

मंडळी, कॅम्परव्हॅनमधले दिवे मंदावले की गॅरेजवाल्यांचा निकाल ठरलेला: "बॅटरी गेली, नवी टाका." याला काय निदान म्हणायचं? ताप मोजायच्या आधीच ऑपरेशन!

अहो, आधी मल्टिमीटर लावा. काही तास स्वस्थ ठेवलेली, पूर्ण भरलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ म्हणजे जवळजवळ रिकामी. मग इंजिन चालू करून दोन्ही बॅटऱ्या मोजा. पुढच्या, इंजिनाच्या बॅटरीवर १४ च्या वर आणि मागच्या, राहत्या भागाच्या बॅटरीवर आकडा जागचा हललाच नाही, तर चोर वाटेत आहे: उडालेला फ्यूज, गंजलेलं अर्थिंग, बिघडलेला रिले. बऱ्याच नव्या गाड्यांत तर इंधन वाचवायला अल्टरनेटरच व्होल्टेज उतरवतो. तिथे डीसी-डीसी चार्जर हवा.

हे न बघता नवी बॅटरी बसवली तर तीही अर्धपोटी राहणार, आतल्या प्लेटांवर सल्फेट साचणार आणि वर्षभरात पुन्हा तोच निकाल. पैसे मात्र दोनदा आपले!

पूर्ण चार्ज करून, तारा सोडवून ठेवलेली बॅटरी रात्रीत बसली, तर खुशाल बदला. तोवर आकडा विचारा. आकडा न सांगणाऱ्याला पाकीट दाखवू नका.