ठणका म्हणजे विषाचे माप नव्हे

मैत्रिणींनो, वळवाची एखादी सर पडून गेली की आपल्या मलकापूर-कराडच्या भागात विंचू बाहेर पडू लागतात. जळणाच्या ढिगात, शेणींत, कौलांच्या फटीत, कोपऱ्यात पडलेल्या चपलेत. 'विंचू चढला' असे आपण सहज म्हणतो. पण चढतो म्हणजे नेमके होते काय, असे शाळेतल्या मुली मला विचारतात. तेच आज तुम्हालाही सांगते.

मज्जातंतू म्हणजे शरीरातले निरोपे. निरोप जाताना त्यांच्यावरची बारीक दारे क्षणभर उघडतात, सोडियम आत शिरते आणि दारे मिटतात. तांबड्या विंचवाचे विष ती दारे नीट मिटूच देत नाही. दारावरच्या घंटेचे बटण कुणी दाबूनच धरावे ना, तसे निरोप जातच राहतात! वेदनेच्या तंतूंत हे घडले की ठणका लागतो. पण हृदय नि रक्तवाहिन्या सांभाळणाऱ्या तंतूंत घडले, तर दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, छातीत धडधड. आणि पुढे फुप्फुसात पाणी.

मोठा काळा विंचू दिसायला भयंकर, पण तो बहुधा नुसता ठणका देतो. खरा घातकी तो लहानसा तांबडा. त्याच्या दंशाने अत्यवस्थ झालेल्या कित्येकांना दंशाच्या जागी फारसे दुखतही नाही, बरं का!

महाडजवळच्या बिरवाडीला सरकारी दवाखान्यात असताना डॉ. हिंमतराव बावस्करांनी रात्ररात्र रुग्णांच्या उशाशी बसून हे सारे टिपले. १९८२ साली त्यांची निरीक्षणे 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. पुढे रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी त्यांनी यावर वापरली. पूर्वी अत्यवस्थ रुग्णांपैकी शंभरात तीसच्या आसपास दगावत. गोळी वेळेवर मिळू लागली आणि हे प्रमाण अगदी थोड्यावर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आता विंचवाच्या विषावर इंजेक्शनही निघाले आहे.

मण्यार सापाचे याच्या उलट. त्याचे विष तंतूकडून स्नायूकडे जाणारा निरोपच अडवते. दंश जेमतेम कळतो. मग पोट दुखते, पापण्या जड होतात, घास गिळवत नाही आणि शेवटी श्वास अडतो.

तेव्हा 'दुखत नाही ना, मग सकाळी बघू' असे कधीही म्हणू नका. विंचू चावला तर जागा साबणाने धुवा, थंड पाण्याची पट्टी ठेवा, चावल्याची वेळ लक्षात ठेवा. आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, उताऱ्यात वेळ दवडू नका. मूल लहान असेल, किंवा घाम, उलटी, गार हातपाय यांतले काहीही दिसले, तर रात्र असली तरी तडक दवाखाना गाठा. गोळी डॉक्टरांनीच द्यायची, आपल्या मनाने नव्हे.

आणि हो, उद्यापासून जळण काढताना आधी काठीने हलवा, मुलांच्या चपला झटकूनच पायात घालायला द्या.