चार दिवसांचे बिऱ्हाड

मराठीने 'हॉटेल' हा शब्द पोटासाठी घेतला, पाठ टेकण्यासाठी घेतला नाही. "हॉटेलात गेलो होतो," असे कोणी म्हणाले की हा गृहस्थ भजी खाऊन आला, असेच आपण समजतो. झोपायला जायचे ते लॉजमध्ये, देवाला गेलात तर धर्मशाळेत आणि वऱ्हाडात गेलात तर जानोशाला. त्यामुळे "या खेपेला आपण स्वयंपाकघर असलेल्या हॉटेलात राहू," असे मी जाहीर केले तेव्हा आमच्या आईने साधाच प्रश्न विचारला, "अरे, स्वयंपाकघर नसलेलं हॉटेल असतं का? मग भजी कुठं तळतात?"

शब्दांचा घोळ तेवढ्यावर संपला नाही. दोन खोल्या आणि ओटा अशा जागेला जाहिरातीत जो शब्द असतो तो 'स्वीट' असा उच्चारायचा. आमच्या चौथीतल्या चिरंजिवांनी तो 'सूट' असा वाचला आणि किती टक्के, म्हणून विचारले. कन्या नववीत आहे, तिने त्याला दुरुस्त केले. तेव्हा त्याला वाटले की तिथे मिठाई फुकट मिळते. मराठी शिकवून पोट भरणाऱ्याच्या घरी हे व्हावे, हे मला फारसे भूषणावह वाटले नाही.

मुद्दा असा की, २०२५ च्या डिसेंबरात आम्हांला सांगलीहून चार दिवस मुंबईस जायचे होते. मुलांना राणीच्या बागेतले पेंग्विन पाहायचे होते, मला वस्तुसंग्रहालय दाखवायचे होते. पण खरे कारण आईचे होते. तिची थोरली बहीण, आमची मावशी, गिरगावात लेकाकडे असते. मावशीचे वय एकोणऐंशी, आईचे चौऱ्याहत्तर. दर रविवारी फोनवर तासभर बोलतात. पण दोघींच्या गुडघ्यांनी असहकार पुकारल्यामुळे चार वर्षांत भेट नव्हती. मावशीकडे दोन खोल्यांत सहा माणसे. त्यांत आम्ही पाच जणांनी जाऊन पडणे म्हणजे प्रेमाने केलेला अत्याचारच. तेव्हा बाहेर उतरायचे ठरले. आईचे पथ्य, मुलांचे दूध आणि माझा पहाटेचा चहा यांचा विचार करून मी स्वयंपाकघराचा आग्रह धरला.

आमच्या सौभाग्यवती बँकेत आहेत. त्यांनी एका वाक्यात ताळेबंद मांडला. "म्हणजे सुटी तुमची आणि ओटा माझा!"

हे वाक्य, वाचकहो, कोणत्याही जाहिरातीत छापलेले नसते. म्हणून हॉटेलवाल्याला फोन करण्याआधी आम्ही घरातच करार केला. सकाळचा चहा आणि नाश्ता माझ्याकडे, दुपारचे जेवण बाहेर आणि रात्री ज्याला घरचे खायचे असेल त्याने कुकर लावायचा. हा करार झाला नसता, तर उत्तमातली उत्तम जागा घेऊनही आमच्या घरातल्या एका माणसाची सुटी झालीच नसती.

तसे पाहिले तर ही कल्पना मुळीच नवी नाही. माझी आजी पंढरपूरला जाई ती शिधा, वातीचा स्टोव्ह आणि दोन पातेली घेऊन. धर्मशाळा जागा देई, रांधायचे ज्याचे त्याने. शहरात खानावळी झाल्या, उतरण्याची नामांकित ठिकाणे झाली. क्रॉफर्ड मार्केटजवळचे सरदारगृह त्यांतलेच. लोकमान्य मुंबईत तिथे उतरत आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी देह ठेवला तोही तिथेच. शहरातल्या बिऱ्हाडात आयते ताट आले आणि चूल मागे पडली. तीच चूल आता काचेच्या पाटासारखी गुळगुळीत होऊन परत आली आहे, एवढेच.

मी एका वहीत प्रश्नांची यादी केली. स्वयंपाकघर म्हणजे खरोखर ओटा, मोरी आणि शेगडी, की नुसती चहाची किटली आणि दोन पुड्या? (निम्म्या ठिकाणी किटलीच निघाली.) भांडी किती? फ्रीज औषधाच्या बाटलीपुरता, की त्यात दूध आणि भाजीही मावते? फोडणीचा धूर बाहेर जायला खिडकी उघडते का? लिफ्ट आहे का आणि ती थेट आपल्या मजल्यापर्यंत जाते का? न्हाणीघरात म्हाताऱ्या माणसाला धरायला दांडी आहे का? नऊ वर्षांच्या मुलाचे पैसे पडतात का? आणि ताबा किती वाजता मिळतो? हा शेवटचा प्रश्न आम्हां सांगलीकरांना फार जिव्हाळ्याचा. महालक्ष्मी एक्स्प्रेस आपल्याला सकाळीच मुंबईत आणून सोडते आणि खोली मिळते दुपारी. मधल्या वेळात सामान कुठे ठेवायचे आणि आईला कुठे बसवायचे, हे आधी विचारलेले बरे.

कराचे गणित सौभाग्यवतींनी केले. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवर ५ टक्के कर आहे आणि त्यापुढे १८ टक्के. म्हणजे ७,५०० च्या खोलीचे करासह ७,८७५ होतात, तर ८,००० च्या खोलीचे ९,४४०. भाड्यात पाचशेचा फरक, खिशात १,५६५ चा! "तेव्हा भाडं विचारताना करासकट किती, असं विचारा," अशी मला ताकीद मिळाली.

मी फोनवर एकेक प्रश्न विचारत होतो, आई कोपऱ्यात गवार मोडत ऐकत होती. मी फोन ठेवणार एवढ्यात ती म्हणाली, "आणि पाहुणे आलेले चालतात का, ते विचार की."

"कोण पाहुणे, आई?"

"अक्का येईल ना!"

माझ्या वहीत एवढे प्रश्न होते, पण हा नव्हता. पलीकडच्या गृहस्थांनी नम्रपणे सांगितले, की भेटायला येणाऱ्यांनी खाली दिवाणखान्यात बसावे, वर खोलीत परवानगी नाही. जागा सोयीची होती, भाडेही बसत होते; ती आम्ही सोडली. पुढच्या ठिकाणी म्हणाले, "ओळखपत्र दाखवा, वहीत नाव लिहा आणि रात्री नऊपर्यंत खुशाल बसा." तीच जागा घेतली. गिरगावापासून ती टॅक्सीने वीस मिनिटांवर होती.

पहिल्या रात्री फजिती झाली ती माझी. आईचा जुना हिंडालियमचा कुकर मी सांगलीहून सांभाळून आणला होता. तांदूळ धुतले, कुकर शेगडीवर ठेवला, कळ दाबली. शेगडी दोनदा किंचाळली आणि गप्प झाली. कन्येने पाठ दिला. "बाबा, ही इंडक्शनची शेगडी. ती स्वतः तापत नाही, चुंबकीय क्षेत्रानं भांड्याचा तळ तापवते. तळाला लोहचुंबक चिकटला पाहिजे." हिंडालियम म्हणजे ॲल्युमिनियमच, त्याला चुंबक कुठला चिकटायला? तांब्यापितळेचेही तेच; स्टीलचेसुद्धा प्रत्येक भांडे चालतेच असे नाही. लोखंडी तवा मात्र बिनतक्रार तापतो. पण आमच्याकडची जोंधळ्याची भाकरी जाळावर फुगते आणि जाळ तर या शेगडीला ठाऊकच नाही. खालून सपाट बुडाचे एक पातेले मागवले आणि त्यातल्या पिठल्याभातावर रात्र निभावली. तेव्हापासून प्रवासाच्या पिशवीत मी एक लहानसा लोहचुंबक ठेवतो.

आईच्या पथ्याची मी उगाच काळजी केली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने उडप्याकडे मसाला डोसा मागवला आणि म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही. मला बाहेरचं आवडतं. आयतं मिळतं ना!" मी आणि सौभाग्यवती एकमेकांकडे पाहत राहिलो.

मग स्वयंपाकघर कशासाठी, याचे उत्तर तिसऱ्या दिवशी मिळाले. सकाळी नऊ वाजता मावशी आली. खाली वहीत सही करताना तिने नात्याच्या रकान्यात ठळक अक्षरांत 'बहीण' असे लिहिले. वर आल्यावर आईने पिशवीतून एक पुडा काढला. हुलग्याचे पीठ होते. सांगलीहून तिने ते कोणाला न सांगता आणले होते. दोघी ओट्यापाशी खुर्च्या ओढून बसल्या आणि शेंगोळे वळू लागल्या. मावशी म्हणे लसूण कमी आहे, आई म्हणे तुझी जीभ मुंबईची झाली. फोडणीचे पाणी उकळत होते, उघड्या खिडकीतून रस्त्याचा आवाज येत होता आणि दोघी चाळीस वर्षांपूर्वी विकलेल्या वाड्यातल्या गोष्टी बोलत होत्या.

माझ्या मनात आले, आजोळचा वाडा गेल्यापासून या दोघी भेटल्या त्या कोणाच्या ना कोणाच्या घरी. मावशी सांगलीला आली की ती पाहुणी, आई गिरगावात गेली की ती पाहुणी. शिवाय घर मुलाचे, ओटा सुनेचा. सुना कितीही चांगल्या असल्या तरी हात जरा आखडतोच. या भाड्याच्या ओट्यावर मात्र कोणाचीच सत्ता नव्हती. म्हणून तो दोघींचा झाला. सौभाग्यवतींच्याही ते ध्यानात आले असावे, कारण त्या मुलांना घेऊन चटकन बाहेर पडल्या. जाताना मलाही त्यांनी खुणेने बोलावले.

संध्याकाळी परतलो तेव्हा पातेल्यात आमच्यापुरते शेंगोळे झाकून ठेवलेले होते. मावशी निघाली. आईने तिच्या हातात डबा दिला, लिफ्टपर्यंत पोचवायला गेली आणि म्हणाली, "सावकाश जा गं. आणि पुन्हा ये." एखादी बाई स्वतःच्या उंबऱ्यावरून म्हणते, अगदी तशी. दुसऱ्या दिवशी आम्ही खोली सोडणार होतो, हे दोघींनाही ठाऊक होते.

आता कोणी मला विचारले, की मुलाबाळांना घेऊन शहरात जायचे तर कशी जागा पाहावी, तर मी माझी वही देतो. लिफ्ट, फ्रीज, कर, शेगडी, सगळे त्यात आहे. फक्त दोन प्रश्न मी आता सर्वांत वर लिहिले आहेत. पहिला घरातल्या प्रत्येकाला विचारायचा, "तुला काय हवंय?" आणि दुसरा हॉटेलवाल्याला, "आमच्याकडे कोणी आलं तर चालेल ना?"