कवितेवरची लाल पेन्सिल

एमिली डिकिन्सनचं नाव निघालं की बहुतेकांना एकच चित्र आठवतं. पांढरे कपडे घालणारी, घराबाहेर न पडणारी, लग्न न केलेली, बिचारी! हयातीत कुणी ओळखलं नाही, गेल्यावर कविता सापडल्या आणि एकदम मोठी झाली. गोष्ट ऐकायला छान आहे, पण मला त्यातल्या 'बिचारी' या शब्दाचा हल्ली राग येऊ लागला आहे.

एमिली १८३० साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या ॲमहर्स्ट या लहान गावात जन्मली. वडील वकील, काही काळ अमेरिकी संसदेचे सभासद. पुस्तकं आणून द्यायचे आणि ती फार वाचू नकोस असंही सांगायचे, असं तिनेच एका पत्रात गमतीने लिहिलं आहे. अशी घरं आपणही पाहिली आहेत, नाही का?

१८६२ च्या एप्रिलमध्ये थॉमस हिगिन्सन या लेखकाचा नवोदितांना सल्ला देणारा लेख 'अटलांटिक मंथली'त आला. तो वाचून ३१ वर्षांच्या एमिलीने त्याला चार कविता पाठवल्या. तिचा प्रश्न काय होता? 'छापाल का' असं तिने विचारलंच नाही. माझ्या ओळी जिवंत आहेत का, एवढंच विचारलं. हिगिन्सन भला माणूस, पण त्याला तिची चाल अडखळती वाटली आणि छापण्याची घाई करू नका असं त्याने सुचवलं. तिने उत्तर दिलं की छापणं माझ्या मनातही नाही. पुढे चोवीस वर्षं ती त्याला गुरू मानून पत्रं लिहीत राहिली. लिहायची पद्धत मात्र बदलली नाही!

तिला छापण्याचा कंटाळा का आला असावा? १८६६ मध्ये तिची सापावरची कविता तिला न विचारता वर्तमानपत्रात छापून आली. वर मथळा दुसऱ्यानेच दिलेला, आणि एका विरामचिन्हाने तिसरी ओळ चौथीपासून तोडलेली. तिने हिगिन्सनकडे तक्रार केली. एका चिन्हासाठी एवढं काय, असं म्हणणाऱ्याने कविता कधी लिहिली नसावी.

१८८६ मध्ये ती गेली. धाकटी बहीण लव्हिनिया खोली आवरायला गेली तर हाताने शिवलेल्या सुमारे चाळीस वह्या आणि शिवाय सुटे कागद निघाले. आजच्या मोजणीने सगळ्या मिळून जवळजवळ १८०० कविता. त्यातल्या जेमतेम दहा हयातीत छापल्या गेल्या होत्या, त्याही निनावी.

इथून पुढची कथा कवितेची कमी आणि भाऊबंदकीची जास्त. लव्हिनियाने कविता आधी वहिनीला, सुसानला दिल्या. सुसान एमिलीची जिवाभावाची मैत्रीण, अडीचशेच्या वर कविता एमिलीने तिला पाठवलेल्या. पण तिच्या हातून काम पुढे सरकेना. मग ते मेबल टॉडकडे गेलं, आणि मेबलचे तर सुसानच्याच नवऱ्याशी प्रेमसंबंध! मेबल आणि हिगिन्सन यांनी १८९० मध्ये पहिला संग्रह काढला आणि तो हातोहात खपला. पण यमकं जुळवली होती, शब्द बदलले होते, मथळे दिले होते. पुढे १८९८ मध्ये जमिनीच्या एका तुकड्यावरून लव्हिनिया आणि मेबल कोर्टात गेल्या. मेबल हरली आणि तिने उरलेल्या कविता पेटीत कुलूपबंद करून ठेवल्या. सुसानच्या मुलीने आपल्याकडच्या कविता वेगळ्या छापल्या. थॉमस जॉन्सन यांनी सगळ्या कविता मूळ रूपाच्या जवळ आणून छापल्या त्या १९५५ मध्ये, म्हणजे ती गेल्यावर ६९ वर्षांनी. कागद मात्र अजून हार्वर्ड आणि ॲमहर्स्ट कॉलेज यांच्यात वाटलेले आहेत. २०१३ पासून त्यांची छायाचित्रं इंटरनेटवर एकत्र पाहता येतात, एवढंच समाधान.

मेबल आणि हिगिन्सन यांनी कष्ट घेतले नसते तर एमिली आपल्यापर्यंत पोचली असती का, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे, त्यांचे उपकार आहेतच. पण उपकार करणाऱ्याला दुरुस्तीचा हक्क आपोआप मिळतो, हे मला मान्य नाही. 'लोकांना आवडावं म्हणून' हे कारण सगळ्यात फसवं. त्यात आपली आवड लोकांच्या नावावर खपवली जाते.

हे मी कुणा परक्यावर रागावून लिहीत नाही. मी शाळेत मराठी शिकवत असताना आठवीतल्या एका मुलीने शाळेच्या वार्षिक अंकासाठी विहिरीवर कविता दिली होती. यमक नव्हतं, ओळी मध्येच तुटायच्या. मी लाल पेन्सिल घेऊन बसले, यमकं जुळवली, शेवटी एक सुविचारही टाकला. अंक निघाला, सगळ्यांनी कौतुक केलं. ती मुलगी फक्त म्हणाली, "छान झालीय बाई, पण ही माझी नाही." पुन्हा तिने कधी कविता दाखवली नाही. मला तेव्हा ती हट्टी वाटली होती.

आज मी तिला एवढंच विचारलं असतं की ही ओळ तू इथेच का तोडलीस? आणि उत्तर ऐकेपर्यंत पेन्सिल खाली ठेवली असती. एमिलीला छापखाना नको होता असं आपण म्हणतो, पण माझ्या मते तिला ही पेन्सिल नको होती. तिने आपल्या ओळी राखल्या, म्हणून ती बिचारी नाही. त्या मुलीच्या मूळ ओळी मात्र कुठेच उरल्या नाहीत. तो कागद मी जपून ठेवला नव्हता.