वजन खरं लिहा!

सबमिशनच्या आदल्या रात्री मीसुद्धा जर्नलमधली रीडिंग्ज ढापली आहेत. ‘काय फरक पडतो?’ असंच वाटायचं. पण जानेवारी २००७ मध्ये इंग्लिश खाडीतल्या वादळात ‘एमएससी नापोली’ हे कंटेनर जहाज फुटलं. २६ खलाशांना ते सोडावं लागलं. नंतर डेकवरचे सुमारे ६६० कंटेनर तोलले, तर १३७ कंटेनरांच्या वजनात कागदापेक्षा तीन टनांहून जास्त फरक! डिझाइन आणि वेगही कारणीभूत होतेच; पण कुठला कंटेनर कुठे रचायचा, हे त्या कागदावरूनच ठरतं. अखेर १ जुलै २०१६ पासून भरलेला कंटेनर चढवण्याआधी वजन पडताळणं सक्तीचं झालं. मित्रांनो, आज आपल्या आकड्यांवर फक्त सरांची सही होते. उद्या त्यांच्या भरवशावर कुणीतरी समुद्रात जाईल.