गोळी गरम पडली, म्हणजे नेमकं काय झालं?

अँटिबायोटिकबद्दलच्या सगळ्या तक्रारींना मराठी घरात एकच शब्द पुरतो: गरम. तोंड आलं, गोळी गरम पडली. जुलाब लागले, गोळी गरम पडली. अंगावर पित्त उठलं तरी तेच. उपायही ठरलेले, ताक, सब्जा, गुलकंद, नाहीतर डॉक्टरांनीच सोबत लिहून दिलेली बी-कॉम्प्लेक्सची कॅप्सूल. शब्द अनुभवातून आला आहे, त्याला हसण्याचं कारण नाही. अडचण अशी की तीन अगदी वेगळ्या गोष्टी तो एका टोपलीत टाकतो. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटने पोट बिघडतं, मेट्रोनिडाझोलने तोंडाला धातूची चव येते. हा त्या औषधांचा स्वभाव आहे आणि बहुतेक वेळा तो सोसता येतो. गोळी घेतल्यावर काही मिनिटांत गांधी उठणं, ओठ-पापण्या सुजणं, श्वास अडकणं ही अ‍ॅलर्जी आहे. तिथे ताक पाजत बसायचं नसतं, रिक्षा करून कॅज्युअल्टी गाठायची असते, कारण त्या क्षणी मांडीत दिलेलं अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शनच कामाला येतं. तिसरा प्रकार आत कुठेतरी सावकाश होणाऱ्या इजेचा. हे सगळं एका शब्दात कसं मिसळतं ते पाहायला ‘तोंड आलं’ हे दोनच शब्द घ्या. साध्या फोडांनाही तेच म्हणतात आणि सल्फाच्या गोळीनंतर ताप, डोळ्यांची लाली, ओठांवर जखमा, मग कातडी सोलवटणं अशा क्रमाने येणाऱ्या स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमच्या पहिल्या दिवशीही घरात तेच म्हटलं जातं. घरगुती उपाय कधीकधी औषधालाच मारक ठरतो, ते वेगळं. सिप्रोफ्लॉक्सासिन ‘गरम पडू नये’ म्हणून दह्याताकाबरोबर घेतली, तर त्यातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं आणि ते रक्तात कमी उतरतं.

म्हणून माझं म्हणणं असं: औषधाची बाधा निभावून नेण्याचं पहिलं काम स्वयंपाकघरात होत नाही, कागदावर होतं. औषधाचं नाव, सुरू केल्याची तारीख, त्रास सुरू झाल्याची तारीख आणि नेमकं काय झालं, एवढ्या चार नोंदी. हे क्षुल्लक वाटतं. पण मीरा रोडसारख्या गावात त्याचं वजन वेगळं आहे. २००२ मध्ये महापालिका झालेल्या मीरा-भाईंदरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच आठ लाखांवर होती. यातले कितीतरी लोक अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर राहतात. करार संपला की शांतीनगरमधून काशिमीऱ्याला, तिथून पुढे नायगाव-वसईला. घर बदललं की कोपऱ्यावरचा डॉक्टर बदलतो. ताप आला तर घराजवळचा दवाखाना, तो उतरला नाही तर भाईंदरचं टेंबा रुग्णालय किंवा बोरिवलीतला एखादा स्पेशालिस्ट. पूर्वीच्या फॅमिली डॉक्टरच्या डोक्यात जी माहिती असायची, की या घरात कोणाला सल्फा चालत नाही, ती आता कोणाच्याच डोक्यात नाही. नवा डॉक्टर विचारतो, ‘कशाची अ‍ॅलर्जी?’ आणि उत्तर मिळतं, ‘एक पांढरी मोठी गोळी होती, ती गरम पडली.’

सरकारने नोंद ठेवली आहे, पण अर्धीच. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या शेड्यूल एच-१ नुसार सेफिक्झीम, लेव्होफ्लॉक्सासिन अशी औषधं विकताना केमिस्टने डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं हे वेगळ्या वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. स्टेशनसमोरच्या दुकानांत ते किती काटेकोरपणे होतं हा प्रश्न बाजूला ठेवू. वही नियमाप्रमाणे भरली तरी ती विक्री सांगते. गोळी पोटात गेल्यावर पुढे काय झालं, याला तिच्यात जागाच नाही. ती जागा दुसरीकडे आहे, फक्त तिचा पत्ता थोड्यांनाच माहीत आहे. २०१० मध्ये सुरू झालेला औषध-सुरक्षेचा राष्ट्रीय कार्यक्रम आता गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडून चालतो. रुग्ण स्वतः भरू शकतो असा त्याचा फॉर्म मराठीतही आहे आणि १८००-१८०-३०२४ या फुकट क्रमांकावर फोन करूनही त्रास कळवता येतो. परळच्या केईएममध्ये तर या कामाची परंपरा राष्ट्रीय कार्यक्रमाहूनही जुनी आहे. मीरा रोडहून लोकलने तासाभराचं अंतर.

बाधा न नोंदवता नुसती गृहीत धरली की काय होतं, याचं उदाहरण मुंबईतच आहे. पत्रकार नंदिता वेंकटेशन यांना आतड्याचा क्षय दुसऱ्यांदा झाला तेव्हा, २०१३ मध्ये, कानामायसिनच्या इंजेक्शनांनी त्यांचं ऐकू येणं गेलं. कानामायसिनही अँटिबायोटिकच आणि या कुळातली औषधं कान निकामी करतात हे १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आलं तेव्हापासून माहीत होतं. म्हणजे इथे अज्ञान आड आलं नाही. बाधा ‘औषधाची किंमत’ म्हणून गृहीत धरली गेली. नंदिता यांनी ती किंमत मुकाट्याने सोसायला नकार दिला. त्याच औषधाने बहिऱ्या झालेल्या दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांच्यासह त्यांनी अशा इंजेक्शनांना पर्याय असलेल्या बेडाक्विलीन या क्षयावरच्या गोळीसाठी कंपनीने मागितलेल्या वाढीव पेटंटला २०१९ मध्ये भारतात हरकत घेतली आणि २३ मार्च २०२३ ला पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. त्याआधीच, २०१८ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने कानामायसिन वापरू नये असं सांगितलं होतं. बेडाक्विलीनही निर्धोक नाही, त्यात हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवायला ईसीजी काढावे लागतात. पण फरक तोच आहे: काय बिघडू शकतं हे आधी लिहिलेलं असलं, की ते वेळेत तपासता येतं.

यावर डॉक्टरमंडळींचा आक्षेप ठरलेला आहे आणि तो पोकळ नाही. दुष्परिणामांची यादी वाचून दाखवली तर लोक तिसऱ्या दिवशी गोळ्या सोडतील. क्षयासारख्या रोगात त्यातून औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतील. क्षयापुरतं हे शंभर टक्के खरं आहे, तिथे डॉक्टरला न विचारता एक दिवसही खाडा नको. पण गोळ्या आजही सोडल्या जातातच, त्याही न सांगता. जुलाब होणार हे ज्याला आधी ठाऊक असतं तो घाबरत नाही. ज्याला ठाऊक नसतं तो पाकीट कपाटात टाकतो आणि पुढच्या तापाला स्वतःच्या मनाने काढतो. शिवाय साध्या संसर्गांत ‘कोर्स पूर्ण करा’ हा मंत्रच किती पुराव्यावर उभा आहे, असा सवाल ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या लेखाने २०१७ मध्ये केला होता. ओपीडीत वेळ नसतो, हेही मान्य. यादी नकोच. डॉक्सिसायक्लिन लिहिताना ‘भरपूर पाण्याबरोबर, लगेच आडवं होऊ नये’ एवढी एक ओळ लिहिली, तर अन्ननलिकेला होणारी जखम टळते.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. लोकांच्या हाती वही दिली की प्रत्येक मळमळ ‘अ‍ॅलर्जी’ म्हणून लिहिली जाईल. अमेरिकेत साधारण दहा टक्के लोक स्वतःला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असल्याचं सांगतात आणि तपासलं तर त्यातल्या बहुतेकांना ते औषध चालतं. लहानपणी विषाणूच्या तापात उठलेलं पुरळ गोळीच्या नावावर जमा झालेलं असतं. खरी अ‍ॅलर्जीही दहा वर्षांत अनेकांची ओसरते. असा खोटा शिक्का बसला की साधं, स्वस्त, नेमकं औषध कायमचं बाद होतं आणि त्याजागी महागडं, जास्त जंतूंवर मारा करणारं येतं. पण हा शिक्का बसतो तो नोंद अस्पष्ट असल्याने. ‘पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी’ या शब्दांवरून पुढच्या डॉक्टरला काहीच ठरवता येत नाही. ‘अमॉक्सिसिलिन, सहाव्या दिवशी पाठीवर बारीक पुरळ, सूज नाही, श्वासाला त्रास नाही’ यावरून पुष्कळ ठरवता येतं.

सामान्य माणसाच्या सांगण्यावर विश्वास किती ठेवायचा, असंही विचारतात. पण फॉर्ममध्ये कळवायचा असतो तो फक्त संशय. कार्यकारणभाव सिद्ध करणं हे कळवणाऱ्याचं काम नाही आणि अहवाल पाठवणं म्हणजे डॉक्टर किंवा कंपनीचा दोष कबूल करणंही नाही. एका माणसाची टाच दुखली तर दोष स्टेशनच्या पुलाच्या जिन्यांवर जातो. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या कुळातल्या गोळ्या घेणाऱ्या, विशेषतः साठीपुढच्या आणि स्टेरॉइड घेणाऱ्या माणसांच्या टाचेमागची कंडरा तुटते असे सुटे सुटे अहवाल साठत गेले, तेव्हा २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने काळ्या चौकटीतला इशारा दिला. सिप्रोफ्लॉक्सासिन तोवर तिथे वीसेक वर्षं विकलं जात होतं. आपल्याकडे त्याच कुळातली ऑफ्लॉक्सासिन, ऑर्निडाझोलशी जोडून, जुलाबाची गोळी म्हणून सर्रास खपते. ती घेऊन चार दिवसांनी मीरा रोडच्या पुलावर कोणाची टाच धरली, तर आजच्या घटकेला ते लिहिलं कुठे जाईल? केमिस्टच्या वहीत नाही, दवाखान्याच्या फायलीत बहुधा नाही. मराठी फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना आहे, पण तो भरायला गोळीचं नाव लागतं, आणि नाव छापलेली पट्टी तोवर कचऱ्यात गेलेली असते.