'मूळ' औषधाचा बडेजाव आणि प्रकाशाची साक्ष

स्तनाच्या कर्करोगावर ट्रास्टुझुमॅबचे इंजेक्शन लिहून दिले जाते आणि सोबत कानमंत्रही मिळतो : 'मूळ कंपनीचेच घ्या, स्वस्तातले नको.' मोलमजुरी करणारे घर मग दागिने मोडते, व्याजाने पैसे काढते. स्वस्तातल्या औषधात नेमके काय कमी आहे, हे मात्र कोणी सांगत नाही. आम्ही विचारतो, पुरावा कुठे आहे?

पुरावा प्रयोगशाळेत मिळतो. ॲस्पिरिनचा रेणू लहान, त्याची हुबेहूब नक्कल करता येते. ट्रास्टुझुमॅब हे जिवंत पेशींकडून बनवून घेतलेले प्रथिन आहे, ॲस्पिरिनच्या रेणूपेक्षा सुमारे आठशे पट जड. त्याची घडी नीट बसली तरच ते काम करते. म्हणून त्याच्या प्रतिरूपाला जेनेरिक न म्हणता बायोसिमिलर, म्हणजे जैवसदृश म्हणतात.

घडी डोळ्यांना दिसत नाही, पण प्रकाश तिची साक्ष देतो. डाव्या आणि उजव्या वळणाचा अतिनील प्रकाश नमुन्यातून सोडला, की प्रथिन एक जास्त शोषते, दुसरा कमी. या फरकाचा आलेख काढतात. अशा अँटिबॉडीत पट्ट्यांसारख्या घड्या भरपूर, त्यामुळे 218 नॅनोमीटरच्या आसपास आलेख खाली वाकतो. मूळ आणि सदृश औषधाचे आलेख एकावर एक ठेवायचे. जुळले तर घडी जुळली. अवरक्त प्रकाशाने हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने पडताळतात.

ही साक्ष अपुरी आहे, हेही आम्ही लपवत नाही. आलेख सरासरी दाखवतो. शेकड्यातला एखादा बिघडलेला रेणू त्यात बुडून जातो. प्रथिनावरच्या साखरेच्या साखळ्या तर मास स्पेक्ट्रोमेट्रीनेच नीट उलगडतात. शिवाय औषध पेशींवर काय करते, तेही पाहावे लागते.

पण मूळ औषध तरी स्वतःशी तंतोतंत कुठे जुळते? हर्सेप्टिनच्या अनेक बॅचेस तपासल्या, तेव्हा ऑगस्ट 2018 ते डिसेंबर 2019 या काळात मुदत संपणाऱ्या काही बॅचेसमध्ये साखरेची जडणघडण बदललेली आढळली. (ही तपासणी एका प्रतिस्पर्धी कंपनीची होती, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.)

बंगळुरूच्या बायोकॉनच्या ट्रास्टुझुमॅबला 2013 मध्ये भारतात परवानगी मिळाली. 2014 मध्ये रोश कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. पुरेशा चाचण्यांशिवाय याला बायोसिमिलर म्हणू नये, अशी तिची तक्रार. तक्रारीमागे मक्तेदारीची काळजी होती, हे सांगायला ज्योतिषी नको. तरी चाचण्यांचा प्रश्न खोटा नव्हता. पुढे बायोकॉन आणि मायलन यांच्या याच औषधाची तुलना अमेरिकी औषध प्रशासनाने तपासली आणि डिसेंबर 2017 मध्ये मंजुरी दिली.

तेव्हा आम्हाला 'मूळ' या शब्दाचा धाक नको आणि 'स्वदेशी' या शब्दाची भुरळही नको. भारताच्या 2016 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कंपनीला ही तुलना करावीच लागते. युरोपची औषध संस्था आपले मूल्यमापन अहवाल लोकांसमोर ठेवते. येथील औषध महानियंत्रकांनी प्रत्येक जैवसदृश औषधाचे हे आलेख, बॅचेसच्या संख्येसह, खुले करावेत. सोबत मराठीत आणि इतर भारतीय भाषांत एक पानाचा खुलासा द्यावा, म्हणजे दागिने मोडण्याआधी तो घरच्यांना डॉक्टरांपुढे ठेवता येईल.